स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्यांची देखभाल करणाऱ्या सासूबाईंना नैराश्य : उपचारासाठी कसे राजी करावे? (सांगली)

नमस्कार.

आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. माझ्या सासऱ्यांना (घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात) अल्झायमर असून मिरजेतील मेंदूविकारतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत. मदत हवी आहे ती मात्र सासूबाईंसाठी.

अण्णा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. रोज दिवेलागणीला ते अस्वस्थ होतात, दुकान बंद करायचे आहे, किल्ल्या द्या, म्हणून मागे लागतात आणि सासूबाईंना विचारतात, "बाई, तुमच्या घरची माणसे कुठे आहेत?" पैसे चोरल्याचा आळही त्यांच्यावरच येतो. संध्याकाळची ही घालमेल आणि हा संशय आजारामुळेच आहे, हे डॉक्टरांनी समजावले आहे आणि सासूबाईंना ते कळतेही. पण ज्याच्याबरोबर उभा जन्म काढला त्याने रोज परके मानावे, हे कळले म्हणून सोसवत नाही. अण्णा रात्री घराबाहेर पडतात, त्यामुळे दाराची किल्ली पदराच्या गाठीला बांधून त्या झोपतात आणि अण्णांनी कूस बदलली तरी जाग्या होतात.

अलीकडे त्यांना पहाटे तीनलाच जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. जेवण दोन घासांवर आले आहे, भजनी मंडळ सुटले आहे, नातू शेजारी बसून बोलत असला तरी त्यांचे लक्ष नसते. अण्णांना नणंदेने काही दिवस तासगावला नेले होते. तेव्हा पुरती विश्रांती मिळूनही सासूबाईंमध्ये काडीचा फरक पडला नाही, म्हणून ही नुसती दगदग नसून स्वतंत्र आजार असावा असे मला वाटते.

परवा त्या म्हणाल्या, "देवाने आधी मला न्यावे." मी त्याच रात्री शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन केला. जीव द्यावासा वाटतो का, हे त्यांना सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, असे तिथे सांगण्यात आले. सासूबाई नाही म्हणाल्या. मात्र रोज उजाडते कशाला असे वाटते, हे त्यांनी कबूल केले. अण्णांची सर्व औषधे आता कपाटात कुलूपबंद ठेवली आहेत.

मानसोपचारतज्ज्ञांचे नाव काढले की, "मला काय धाड भरलीय? आजारी ते आहेत," असे त्या म्हणतात. भेटायला येणारी माणसे अण्णांची विचारपूस करतात आणि सासूबाईंना 'नवऱ्याची सेवा म्हणजे पुण्य' असे ऐकवून जातात. त्यांचा हेतू चांगला असेल, पण त्यामुळे थकले म्हणण्याचीही या बाईला चोरी झाली आहे, आणि याचे मला फार वाईट वाटते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी अशा कुटुंबीयांसाठी 'स्टार्ट' नावाचा आठ सत्रांचा उपक्रम तयार केला. त्यात रुग्णाच्या त्रासदायक वागण्याला कसे सामोरे जावे आणि स्वतःचे मन कसे सांभाळावे, हे प्रत्येकाला वेगळे बसवून शिकवतात. त्याने नैराश्य कमी झाल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो फायदा दोन वर्षांनंतरही टिकलेला आढळला. सांगली, मिरज किंवा कोल्हापूर भागात घरी येऊन मराठीत असे समुपदेशन करणारे कोणी आहे का?

आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाला मानसोपचारासाठी कोणी कसे तयार केले, हे कृपया सविस्तर लिहावे. खोटे निमित्त सांगून नेण्यास माझे मन धजत नाही. एकदा विश्वास उडाला तर गोळ्याही घेतल्या जाणार नाहीत. माझे पती कुपवाडच्या कारखान्यात पाळीवर असतात आणि मी नोकरी करते, त्यामुळे निदान संध्याकाळी चार ते आठ अण्णांजवळ थांबेल अशी, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सवय असलेली व्यक्तीही आम्ही शोधत आहोत. पुढच्या महिन्यात अण्णांना तपासणीसाठी मिरजेला न्यायचे आहे. त्याच दिवशी सासूबाईंनाही दाखवता यावे, अशी माझी खटपट चालू आहे.