पॉलिसीतलं इंग्रजी मुद्दाम अवघड ठेवतात का?

गोदाकाठ: काकांच्या ऑपरेशनचा आरोग्य विम्याचा क्लेम सेटल झाला. रूमची लिमिट दिवसाला ५००० होती, काकूंनी ८००० ची सिंगल रूम घेतली, म्हटलं वरचे तीन हजार गुणिले चार दिवस, बारा हजार जातील खिशातनं. कापले साठ हजार! कारण काय तर ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’. म्हणजे रूम लिमिटच्या वरची घेतली की बाकीच्या बिलातही त्याच प्रमाणात कपात. रूम भाडं, ऑपरेशन थिएटर, सर्जनची फी सगळं मिळून १,६०,००० होतं, त्यातले आठाला पाच या हिशोबाने लाखच देणार. हे पॉलिसीत आहे बरं का, कुठेतरी आत, सहा ओळींच्या एका वाक्यात. ब्रिटनमध्ये १९७९ ला क्रिसी माहेर या बाईंनी पार्लमेंटसमोर सरकारी फॉर्म टराटरा फाडून प्लेन इंग्लिश कॅम्पेन सुरू केलं, अमेरिकेत सरकारी खात्यांनी सोपं लिहावं म्हणून २०१० पासून कायदाच आहे. आपल्याकडे?

काळाकोट: राग समजतो पण पॉलिसी म्हणजे करार आहे, जाहिरात नाही. यातल्या शब्दांवर कोर्टात वर्षानुवर्षं कीस पडलाय, शब्द बदलला की वाद पहिल्यापासून. आणि मजकूर संदिग्ध निघाला तर अर्थ कंपनीच्या विरोधात लावतात, त्यामुळे ते घट्टच लिहिणार.

चहाटळ: @काळाकोट, आणि तो फायदा घ्यायला कोर्टात कोण जाणार, काकू? तुमचे शब्द ठेवा तसेच, खाली एक उदाहरण छापा ना, लिमिट ५०००, रूम ८०००, एवढे मिळतील. दोन ओळी. छापत नाहीत कारण मग लोक ती पॉलिसी घेणारच नाहीत.

पॉलिसीदादा: मी याच धंद्यात आहे. जानेवारी २०२४ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सोप्या भाषेतलं माहितीपत्रक सक्तीचं केलंय, मागितलं तर स्थानिक भाषेतही मिळतं. मागतं कोण? ओटीपी दिला की मोकळे. गोदाकाठ, औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, आयसीयूलाही नाही. बिल परत बघा.

निम्माशिम्मा: सोपं लिहिलं की खरं लिहिलं, हे मला पटत नाही. ‘कॅशलेस’ कुणाला कळत नाही? तरी ॲडमिट करताना डिपॉझिट मागतातच की. २०१७ ला शिकागोत युनायटेडच्या विमानातून एका डॉक्टरला रक्त येईपर्यंत फरफटत बाहेर काढलं आणि सीईओने निवेदनात काय म्हटलं, तर प्रवाशांना ‘री-अकॉमोडेट’ करावं लागलं, म्हणजे दुसरीकडे सोय लावावी लागली! डिक्शनरी लागते का याला? ज्याला लपवायचंय तो सोप्यातही लपवतो.

चहाटळ: लपवेल, पण तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला होता म्हणून दुसऱ्या दिवशी बिनशर्त माफी मागावी लागली. पॉलिसीचा व्हिडिओ असतो का?

काळाकोट: उदाहरण छापायला माझी ना नाही. पण उद्या ‘उदाहरणात आयसीयू नव्हतं’ म्हणून भांडायला येऊ नका.

गोदाकाठ: पॉलिसीदादा, थँक्स, त्या १,६०,००० मध्ये एमआरआय पण धरलाय! लेखी विचारतो आता. शिवाय ‘मिसलेनियस’ म्हणून १४,२०० वेगळे लावलेत, हे काय असतं?