मदत हवी आहे: रायझन ५ २६०० चं ओव्हरक्लॉकिंग, ४.१ गिगाहर्ट्झला मशीन पाच मिनिटांत रिस्टार्ट होतंय

चिकोडीकर

नमस्कार. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं चालवणं) पहिल्यांदाच करतोय, म्हणून सगळी माहिती आधीच देतो.

प्रोसेसर रायझन ५ २६००, बोर्ड एमएसआय बी४५०एम प्रो-व्हीडीएच मॅक्स, ३२०० च्या डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ८० प्लस ब्राँझचा ४५० वॅट एसएमपीएस (पॉवर सप्लाय). कूलर प्रोसेसरसोबत आलेलाच, रेथ स्टेल्थ. कॅबिनेटला मागे एकच पंखा. काम मुख्यतः लग्नाच्या व्हिडिओंचं: हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये एक्स२६४ एन्कोडिंग (प्रोसेसरवर व्हिडिओ दाबून लहान करणं), एकेक फाइल दीड-दोन तास चालते.

बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सीपीयू रेशो ४१ केला, म्हणजे ४.१ गिगाहर्ट्झ, व्होल्टेज ऑटोच ठेवलं. विंडोज नीट सुरू होतं, पण एन्कोडिंग लावलं की पाच मिनिटांत मशीन रिस्टार्ट. तेवढ्यात एचडब्ल्यू-इन्फो या मापं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १.४२ व्होल्ट आणि ९४ अंश दिसलं. खोलीत ३४ अंश होतं. आधी काहीच बदललेलं नसताना तेच काम ३.६५ गिगाहर्ट्झ, १.२ व्होल्ट आणि ७२ अंशांवर चालायचं.

प्रोसेसर खराब निघाला, की माझं काही चुकतंय? कूलरसाठी अडीच हजारांपर्यंत खर्च करता येईल. जाणकारांनी सांगा की ओ.

उद्यमबाग

प्रोसेसर चांगला आहे. चूक आहे ती ऑटो व्होल्टेजची.

रेशो वाढवून व्होल्टेज बोर्डावर सोडलं की बोर्ड जास्तच देतं. कोणताही प्रोसेसर अडकू नये असा त्याचा हिशेब असतो, तुमच्या कूलरचा विचार त्यात नसतो. आता आकडे बघा. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ३.६५ वरून ४.१ म्हणजे वेग १.१२ पट. १.२ वरून १.४२ व्होल्ट म्हणजे १.१८ पट, त्याचा वर्ग १.४०. दोन्हींचा गुणाकार १.५७. म्हणजे १२ टक्के वेगासाठी ५७ टक्के जास्त वीज आणि तेवढीच जास्त उष्णता. तुमची मापं याला तंतोतंत जुळतात: आधी खोलीपेक्षा ३८ अंश वर होता, आता ६० अंश वर आहे.

२६०० ची कमाल मर्यादा ९५ अंश. तुम्ही तिच्या उंबऱ्यावर आहात.

काही सांगण्याआधी दोन गोष्टी हव्यात. रॅम सध्या किती वेगावर चालते? टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर दिसेल. आणि कूलर शेवटचा कधी साफ केला?

चिकोडीकर

रॅम २४०० दाखवतंय. कूलर दीड वर्षात उघडलेला नाही. घर साखर कारखान्यापासून जवळ आहे, गळीत हंगामात काळी राख खिडकीतून आत येते.

उद्यमबाग

मग कामाचा क्रम असा ठेवा.

सगळ्यात आधी बायोस मूळ स्थितीला न्या. सेव्ह अँड एक्झिटमध्ये रिस्टोअर डिफॉल्ट्स, मग एफ१०.

नंतर सफाई. कारखान्याची राख साध्या धुळीसारखी नसते, तिच्यात चिकटपणा असतो, पंख्याच्या पात्यांवर आणि ॲल्युमिनियमच्या फटीत थर धरते. नुसतं फुंकून निघत नाही. पंखा सोडवून पाती ब्रशनं पुसा, फटी मऊ ब्रशनं मोकळ्या करा. ब्लोअर वापरणार असाल तर पंखा बोटानं धरून ठेवा. हवेनं तो भलत्या वेगानं फिरला की बेअरिंग जातं.

कूलर काढताना एक धोका आहे, तो नवख्यांना कुणी सांगत नाही. एएम४ (तुमच्या बोर्डाच्या सॉकेटचा प्रकार) प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि सॉकेटची पकड ढिली असते. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी पेस्ट वाळून घट्ट झाली की कूलर सरळ वर ओढल्यावर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं एन्कोडिंग चालवा, म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग मशीन बंद, वायर काढा, चारही स्क्रू तिरप्या क्रमानं थोडे थोडे सोडवा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळा आणि मगच उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. नवी पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. हातानं पसरवायची गरज नाही, दाबानं पसरते.

तिसरं, रॅम. डिलीट दाबून बायोसमध्ये जा, एफ७ नं ॲडव्हान्स्ड मोड, मग ओसी (ओव्हरक्लॉकिंगचं) पान. तिथे ए-एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा. या प्रोसेसरचा अधिकृत वेग २९३३ आहे. ३२०० वर बहुतेक चालतो. नाही चालला तर ए-एक्सएमपी चालू ठेवूनच वेग २९३३ निवडा. रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतल्या दोन भागांना जोडणारा दुवा रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, म्हणून २४०० वर ठेवणं म्हणजे विकत घेतलेला वेग वापरायचाच नाही. दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, तेही बघा.

यानंतर एक दिवस नेहमीचं काम करा. रॅममुळे त्रास होत असेल तर तो आत्ताच कळू दे. पुढे रेशोही बदलला की दोष कशाचा ते शोधता येत नाही.

निपाणीकर

उद्यमबाग यांनी क्रम बरोबर दिलाय. रेशोचं मी सांगतो.

ओसी पानावर सीपीयू रेशो ३९ घाला. सीपीयू कोअर व्होल्टेज ऑटोवरून ओव्हरराइडला न्या आणि १.२७५ लिहा. खाली लोडलाइन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर व्होल्टेज किती उतरू द्यायचं ते) असेल तर त्याच्या शेजारी आलेख दिसतो. मधली पायरी घ्या. अगदी सपाट रेषेची पायरी नको, कारण लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळी मारतं. एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाच्या) हात लावू नका, रॅम ३२०० ला अडलीच तर १.१ पर्यंत न्या.

३९ च का? या प्रोसेसरचा एका कोअरचा बूस्ट मुळातच ३.९ आहे. हातानं रेशो लावला की बूस्ट बंद पडतो आणि सगळे कोअर त्याच एका वेगाला बांधले जातात. ३८ लावलात तर एन्कोडिंग वाढेल, पण एकाच कोअरवर चालणारी कामं पहिल्यापेक्षा मंद होतील. ३९ ला काही गमवावं लागत नाही.

मग प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणाऱ्या सॉफ्टवेअरनं चाचणी. सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं, ती पार पडली की ओसीसीटी एक तास, आणि शेवटी तुमची खरी दोन तासांची फाइल. एचडब्ल्यू-इन्फोमध्ये चार ओळींवर नजर ठेवा: सीपीयूचं तापमान, कोअर व्होल्टेजची एसव्हीआय२ ओळ, व्हीआरएमचं (बोर्डावरच्या, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचं) तापमान, आणि सगळ्यात खाली विंडोज हार्डवेअर एररची मोजणी. ती शून्यावरून एकानं जरी हलली तरी सेटिंग नापास, मशीन बंद पडलं नसलं तरी. अशा सेटिंगवर केलेल्या व्हिडिओत मधेच एखादी फ्रेम बिघडते आणि ती गिऱ्हाइकाच्या घरी दिसते.

चाचणी दुपारी घ्या. खोली दहा अंश तापली की प्रोसेसरही साधारण दहा अंशच तापतो. डिसेंबरात पास झालेली सेटिंग एप्रिलात कृष्णाकाठच्या उन्हात टिकेल असं धरू नका. लोडवर ८० च्या आत राहिलं पाहिजे, ८५ ला थांबायचं.

खानापूर_४५०

कूलरबद्दल थोडं. अडीच हजारांत १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर येतो आणि प्रोसेसर त्यानं नक्की थंड होईल. पण रेथ स्टेल्थ हवा खाली बोर्डावर मारतो, त्यातली काही व्हीआरएमवरून जाते. टॉवर कूलर हवा आडवी मागे फेकतो. प्रोसेसर १० अंशांनी उतरतो आणि व्हीआरएम मात्र चढतो, असं स्वस्त बोर्डांवर हमखास दिसतं. या बोर्डाच्या व्हीआरएमवर हीटसिंक आहे, त्यामुळे फार काळजी नाही, तरी टॉवर घेतलात तर पुढच्या बाजूला एक आत हवा ओढणारा पंखाही बसवा. व्हीआरएम १०० च्या खाली हवा.

अजून एक, टॉवर कूलर बहुधा बोर्डावरच्या काळ्या प्लास्टिकच्या कड्यांना अडकतात. रेथ स्टेल्थ बसवताना त्या काढलेल्या असतात. डब्यात जपून ठेवल्यात का बघा, नाहीतर कूलर आणून बसवता येणार नाही.

चिकोडीकर

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. रॅम ३२०० वर चालली. ३.९ ला लोडवर १.२७५ व्होल्ट, खोली ३३, प्रोसेसर ७६, व्हीआरएम ८१. एरर शून्य.

मग ४.० करून बघितलं. १.३ व्होल्टला ओसीसीटी वीस मिनिटांत बंद, एरर ३. १.३५ ला एक तास पार पडला, पण ८४ अंश. हेच ठेवू का? आणि काल रात्री ४.० वर मशीन एकदा आपोआप रिस्टार्ट झालं, तेव्हा मी जवळ नव्हतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदींत) कर्नल-पॉवर ४१ आहे.

उद्यमबाग

४.० सोडा. ३.९ वरून ४.० म्हणजे अडीच टक्के वेग. १.२७५ वरून १.३५ चा वर्ग धरून हिशेब केला तर १५ टक्के जास्त वीज. दोन तासांच्या कामात जेमतेम तीन मिनिटं वाचतील आणि एप्रिलसाठी हातात काहीच राखीव राहणार नाही.

उलट ३.९ लाच व्होल्टेज खाली आणा. १.२५, मग १.२२५, प्रत्येक पायरीला ओसीसीटी एक तास. जिथे एरर येईल तिथून दोन पायऱ्या वर येऊन थांबा. कमी व्होल्टेजवर ३.९ मिळणं हीच या प्रोसेसरची खरी कमाई.

अथणीकर

कर्नल-पॉवर ४१ वरून ओव्हरक्लॉकिंगला दोष देऊ नका. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. वीज गेली तरी तीच नोंद येते, आणि आपल्याकडे वीज जायला कारण लागत नाही. तिच्या आसपास डब्ल्यूएचईए-लॉगर १८ आहे का बघा. ती असेल तर प्रोसेसरची चूक, म्हणजे व्होल्टेज कमी पडलं. ती नसेल तर आधी विजेकडे बघा.

शेतीपंपांना थ्री-फेज सोडलं की गावच्या लाइनचं व्होल्टेज किती उतरतं ते मल्टिमीटरनं त्याच वेळी मोजा. ओव्हरक्लॉकनंतर मशीन जास्त वीज ओढतं, त्यामुळे आधी तग धरणारा जुना यूपीएस आता वीज जाऊन बॅटरीवर बदल होण्याच्या क्षणी मान टाकतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. तुमच्या मशीनला ते पुरतं, पण बॅटरी तीन वर्षं जुनी असेल तर नाही. मशीन घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर बदल सावकाश होतो आणि तेवढ्यात एसएमपीएस हात टेकतो.

चिकोडीकर

१८ नंबरची नोंद नाहीच. इन्व्हर्टर साध्या मोडवर होता, बदलला. ३.९ ला १.२२५ वर एरर आली, म्हणून १.२७५ लाच राहिलो.

एकच शेवटचं. मधे एकदा रॅमची टायमिंग बदलली तेव्हा स्क्रीन काळी, पंखे फिरतात पण काही दिसत नव्हतं. अर्ध्या तासानं आपोआप आलं. पुन्हा झालं तर काय करायचं?

निपाणीकर

घाबरू नका, काही जळत नाही. तीन-चार वेळा स्वतः प्रयत्न करून बोर्ड बहुतेक वेळा मूळ सेटिंगवर येतं. नाही आलं तर एसएमपीएसचं बटण बंद, वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. मग बोर्डावर जेबॅट१ लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दहा सेकंद जोडा. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ ची बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. बायोस कोरा होईल, सगळे आकडे पुन्हा घालावे लागतील, म्हणून आत्ताच ओसी पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बायोसमध्ये पेनड्राइव्ह लावून एफ१२ दाबलं तरी पानाचं चित्र जतन होतं, पेनड्राइव्ह तेवढा फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा.

खानापूर_४५०

वेळच वाचवायचा असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. गिऱ्हाइकाला आधी दाखवायची कच्ची प्रत हँडब्रेकमध्ये एनव्हीएन्क (ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर) निवडून जीटीएक्स १६५० वर काढा, ती कितीतरी लवकर निघते. त्याच आकाराच्या फाइलला एक्स२६४ ची प्रत जास्त स्वच्छ येते, म्हणून अंतिम प्रत प्रोसेसरवरच ठेवा. आणि पुढे पैसे जमले तर याच बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसतो. ते अपडेट करताना मात्र मशीन चांगल्या बॅटरीच्या यूपीएसवरच हवं, मधेच वीज गेली तर बोर्ड उठत नाही.

चिकोडीकर

फोटो काढून ठेवला. ३.९, १.२७५, रॅम ३२००. आजची दोन तासांची फाइल ७७ अंशांवर पूर्ण झाली, एरर शून्य. प्लास्टिकच्या कड्या डब्यात सापडल्या, पुढच्या महिन्यात टॉवर कूलर आणि पुढचा पंखा एकदमच घेतो.