मदत हवी आहे: थेटरात कॉन्सर्ट फिल्म लागली की गायचं का गप बसायचं?

नागपूरचे रॉकवाले आहेत का इथं कोणी? हसू नका बे, पण खरंच अडलंय.

मागे पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडची पॉम्पेईवाली (इटलीतलं जुनं रोमन शहर) कॉन्सर्ट फिल्म बघितली, तीच, १९७१ मध्ये शूट केलेली आणि २०२५ ला फोर-के (म्हणजे एकदम चकाचक चित्र) करून परत थेटरात आलेली. आता त्या फिल्ममध्ये मुळात पब्लिकच नाहीये, रिकामं रोमन अँफिथिएटर, बँड, स्पीकरचे ढीग आणि क्रू, बस. पण आमच्या मागच्या रांगेतली पोरं पहिल्या गाण्यापासून गळा काढून गाऊन राह्यली होती, पुढचे एक काका वळून वळून डोळे वटारत होते, आणि मी मधात सँडविच. फिल्ममधल्या कुत्र्याच्या हेल काढण्यावर मात्र काकांसकट सगळं थेटर हसलं.

वर आवाज इतका हळू की पॉपकॉर्नची कुरकुर जास्त ऐकू येत होती! स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने फिल्मचा आवाज नव्याने एवढा मिक्स करून ठेवलाय ते काय कामाचं मग?

तर आता पुढची कोणतीही कॉन्सर्ट फिल्म आली की बाबांना न्यायचंय, ते कॅसेटच्या जमान्यातले फॅन, त्यांना गोंगाट चालत नाही. सीताबर्डी, सदर, वर्धा रोड, कुठल्या हॉलमध्ये डॉल्बी ॲटमॉस (चहूबाजूंनी आवाज येणारी सिस्टीम) खरंच दणकून वाजतं? आवाज वाढवा म्हणून सांगायचं तर कोणाला, गेटवरच्या पोराला का मॅनेजरला? आणि सकाळच्या शोला गर्दी कमी असते का, म्हणजे तर्री पोहे हाणून थेट तिकडेच जाऊ.

गाणाऱ्यांनीही सांगा राजेहो, मला तुमचाही थोडा हेवाच वाटला.