भिंत हलवायची असेल, तर ती अणूंचीच हवी का?

धंतोलीकर (धागा सुरू करणारे)

नागपुरातल्या आमच्या अभ्यासगटात गेल्या रविवारी एका विद्यार्थ्याने मॉलिक्युलर डायनॅमिक्सचे, म्हणजे अणू-रेणूंची हालचाल संगणकावर टप्प्याटप्प्याने मोजण्याचे, काम मांडले. दोन भिंतींमध्ये पाण्याचा पातळ थर, खालची भिंत स्थिर आणि वरची स्वतःच्याच पातळीत साइन वक्राप्रमाणे मागेपुढे होणारी, अशी त्याची मांडणी होती. पाणी मात्र जागचे हलले नाही. त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की या पृष्ठभागावर पाणी पूर्णपणे घसरते आणि घर्षण जवळजवळ शून्य आहे. बैठकीत दोन-तीन जणांनी त्याला मान्यताही दिली, म्हणून हा धागा काढत आहे.

त्याने वरची भिंत नऊ-तीन विभवाची (विभव म्हणजे अंतरानुसार बदलणारी ऊर्जा, जिच्यावरून बल ठरते) घेतली होती. दोन अणूंमधले आकर्षण-अपकर्षण सांगणारे लेनार्ड-जोन्सचे बारा-सहा विभव एका अखंड, अर्ध्या अवकाशभर पसरलेल्या घन पदार्थावर समाकलित केले की हे विभव मिळते आणि ते केवळ भिंतीपासूनच्या लंब अंतरावर अवलंबून असते. अशा भिंतीचे कणावरचे बल कायम लंब दिशेनेच लागते, तिला आडवा घटक नसतोच. त्यामुळे ती आडवी कितीही हलवली, तरी प्रोग्रॅममधला एक आकडा बदलत राहतो आणि पाण्याला त्याचा पत्ताही लागत नाही. विद्यार्थ्याला जे शून्य घर्षण सापडले, ते त्याने स्वतःच समीकरणात घातलेले होते.

माझे मत स्पष्ट आहे. गणिती, सपाट भिंत ही स्थिर पात्र म्हणून ठीक आहे, पण सीमा हलवायची असेल, मग ती सरळ रेषेत असो वा आंदोलित, तर भिंत अणूंचीच बांधावी आणि ते अणू आपापल्या जागी स्प्रिंगने बांधून त्या जागा हलवाव्यात.

रेणुवेध

आडव्या हालचालीबाबत आपण म्हणता ते निर्विवाद आहे. मात्र एका दिशेच्या चुकीवरून सर्वच हलत्या गणिती भिंती बाद करणे मला पटत नाही. भिंत लंब दिशेने हलते, म्हणजे दट्ट्यासारखी द्रव दाबते आणि सोडते, तेव्हा सपाट भिंत हीच अधिक स्वच्छ मांडणी ठरते, कारण तिथे ऊर्जेचा हिशेब पैशापैशापर्यंत लावता येतो.

भिंतीचे स्थान वेळेनुसार आपण ठरवतो, त्यामुळे द्रवाची एकूण ऊर्जा अक्षय्य राहत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. पण भिंतीने द्रवावर लावलेले बल गुणिले भिंतीचा वेग, हे प्रत्येक टप्प्याला मोजून बेरीज करत गेले की भिंतीने केलेले कार्य मिळते, आणि थर्मोस्टॅट (प्रोग्रॅममधला तापमान राखणारा भाग) बंद असताना एकूण ऊर्जेतून हे कार्य वजा केल्यावर उरणारी राशी स्थिर राहिली पाहिजे. ती सरकत असेल, तर टप्पा मोठा आहे किंवा विभव अचानक छाटले आहे. अणूंच्या भिंतीत हीच तपासणी करायला गेलात, तर स्प्रिंगांची ऊर्जा, भिंतीतली कंपने आणि भिंतीचा थर्मोस्टॅट असे तीन वाटेकरी मध्ये येतात.

सीमेला गती देण्याची कल्पना नवीनही नाही. अँडरसन यांनी १९८० मध्ये स्थिर दाबाची पद्धत मांडली, तेव्हा पेटीचे आकारमान हेच एक गतिमान चल केले आणि त्याला वस्तुमान दिले; तिथे अणूंचा दट्ट्या कुठेच नव्हता आणि त्यावाचून कुणाचे अडलेही नाही.

खरा धोका परावर्तक भिंतीत, म्हणजे आदळलेला कण थेट परत फेकणाऱ्या भिंतीत आहे. भिंत स्वतः u वेगाने हलत असेल आणि कण v वेगाने येऊन आदळला, तर परतताना त्याचा वेग २u वजा v असायला हवा. अनेक जण स्थिर भिंतीसाठी लिहिलेला कोड जसाच्या तसा ठेवतात आणि केवळ वेगाचे चिन्ह उलटवतात. मग भिंत पुढे सरकते, कण दाटीवाटीने बसतात, पण दट्ट्याने द्यायची गतिज ऊर्जा त्यांना मिळतच नाही. फर्मी यांनी १९४९ मध्ये वैश्विक किरणांच्या प्रवेगाची जी कल्पना मांडली, तिचा गाभा हाच आहे: समोरून येणाऱ्या हलत्या अडथळ्याशी टकरी जास्त होतात, पाठमोऱ्या अडथळ्याशी कमी, आणि सरासरीत कण ऊर्जा कमावतो. चिन्हच उलटवणाऱ्या भिंतीत ही कमाई गायब होते. तेव्हा भिंत अणूंची नाही म्हणून नव्हे, तर तिचा वेग हिशेबात धरला नाही म्हणून निकाल चुकतो.

बजाजनगर

मी व्यवहाराचे बोलतो. आमच्यासारख्यांकडे क्लस्टर, म्हणजे जोडून चालवलेले अनेक संगणक, नाही, घरच्या एका खोलीत एक वर्कस्टेशन आहे. मे महिन्यात कूलरच्या दमट हवेत ते दुपारभर पूर्ण ताकदीने चालवण्याची हिंमत होत नाही, म्हणून लांब रन रात्रीवर ढकलावे लागतात. अशा वेळी अणूंच्या भिंतीचा भार कशाला वाहायचा? सपाट भिंत एका ओळीत लिहून होते.

धंतोलीकर

बजाजनगर, भार किती ते एकदा मोजून पाहू या. ५ बाय ५ नॅनोमीटरची सोन्याची भिंत घेतली, तर दाट रचनेच्या पातळीत एका थरात साधारण ३५० अणू बसतात. चार थरांच्या दोन भिंती म्हणजे सुमारे २,८०० अणू. मध्ये १० नॅनोमीटर पाणी असेल, तर त्याचे रेणू ८,३०० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ २५,००० अणू. वेळ मुख्यतः पाण्याचे विद्युत आकर्षण-अपकर्षण मोजण्यात जातो, आणि भिंतीचे अणू विद्युतभाररहित ठेवले तर त्यांची त्यात काही भर पडत नाही. खर्च वाढतो हे खरे, पण ते कारण पुढे करण्याइतका वाढत नाही.

रेणुवेध, लंब हालचालीबाबत आपला मुद्दा मी निम्मा मान्य करतो. ऊर्जेचा हिशेब सोपा होतो, पण तो सोपा होतो कारण भिंत उष्णता घेतही नाही आणि देतही नाही. खरा पृष्ठभाग असा कधीच नसतो.

विद्यापीठातली एक संशोधक

भिंत कशाची, यावर इतके लिहिले गेले, पण ती किती वेगाने आणि किती दूर हलते याकडे कुणी पाहिले नाही, याचे मला नवल वाटते. विद्यार्थ्याने अणूंची भिंत घेतली असती, तरी त्याच्या आकड्यांनी घोटाळा झालाच असता. मीही त्या बैठकीत होते. आयाम (मध्यापासून एका बाजूची हालचाल) १ नॅनोमीटर आणि वारंवारता १० गिगाहर्ट्झ असे त्याने फळ्यावर लिहिले होते.

आडव्या आंदोलनाचा परिणाम द्रवात किती खोल जातो, हे स्टोक्सच्या जुन्या गणितावरून कळते. शुद्धगतिक श्यानतेची (द्रवाचा चिकटपणा भागिले घनता) दुप्पट घ्यावी, तिला कोनीय वारंवारतेने भागावे आणि वर्गमूळ काढावे. पाण्यासाठी १० गिगाहर्ट्झला ही खोली ५.६ नॅनोमीटर येते. कंप पावणाऱ्या स्फटिकाने अतिसूक्ष्म वस्तुमान मोजणाऱ्या क्वार्ट्झ सूक्ष्मतराजूत ५ मेगाहर्ट्झला तीच खोली २५० नॅनोमीटर असते. म्हणजे प्रयोगशाळेतला स्फटिक आणि आपली पेटी हे एकाच द्रवाचे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. प्रयोगाची वारंवारता घ्यायची म्हटले, तर ५ मेगाहर्ट्झची एक फेरी २०० नॅनोसेकंदांची होते आणि २ फेमटोसेकंदांच्या टप्प्याने तिला १० कोटी टप्पे लागतात. त्यामुळे वारंवारता वाढवावी लागते, हे समजण्यासारखे आहे. पण मग निकालाची तुलना प्रयोगाशी थेट करू नये.

आता उष्णता. १ नॅनोमीटर आणि १० गिगाहर्ट्झ म्हणजे भिंतीचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर. पाणी भिंतीला चिकटून चालते असे धरून ढोबळ हिशेब केला, तर भिंत दर चौरस मीटरला सरासरी ३५ कोटी वॅट द्रवात ओतते. १० नॅनोमीटर जाडीचा पाण्याचा थर त्यामुळे दर नॅनोसेकंदाला ८ अंशांच्या आसपास तापतो. दहा नॅनोसेकंदांचा रन केला, तर सुरुवातीची आणि शेवटची श्यानता एकाच द्रवाची राहत नाही.

हाच आयाम लंब दिशेला वापरला, तर परिस्थिती आणखी बिकट होते. १० नॅनोमीटरच्या थरात १ नॅनोमीटर म्हणजे आकारमानात १० टक्के बदल. पाण्याचा आकारमान गुणांक, म्हणजे दाबले जाण्याला त्याचा विरोध, २.२ गिगापास्कल आहे, म्हणजे दाब २०० मेगापास्कलच्या वर, वातावरणाच्या दोन हजार पट, आणि परतीच्या अर्ध्या फेरीत द्रव ताणला जाऊन त्यात पोकळी पडण्याची शक्यता. आडव्या आणि लंब हालचालीसाठी एकच इनपुट फाइल नक्कल करून वापरण्याची सवय मी अनेकांत पाहिली आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. स्थान साइन वक्राने दिले, तर शून्य क्षणीच भिंतीचा वेग कमाल असतो, म्हणजे निवांत द्रवाला पहिल्याच टप्प्याला ६३ मीटरचा धक्का बसतो. लॅम्प्स या मॉलिक्युलर डायनॅमिक्सच्या प्रोग्रॅममध्ये यासाठी दोन फलने आहेत: स्विगल साइनने हलवते, सीविगल एक वजा कोसाइनने हलवते. दुसऱ्यात सुरुवातीचा वेग शून्य असतो. मी नेहमी तेच वापरते आणि पहिल्या काही फेऱ्या मोजणीतून वगळते.

वर्धा रोड

मुळात भिंतच कशाला, हा माझा प्रश्न आहे. मूळचे हैदराबादचे अनीसूर रहमान यांनी १९६४ मध्ये ८६४ अणूंचे द्रव आर्गॉन अभ्यासले, तेव्हा त्यांच्या पेटीला भिंती नव्हत्या, आवर्ती सीमा होत्या, म्हणजे एका बाजूने बाहेर पडलेला कण समोरच्या बाजूने आत येतो. श्यानताच हवी असेल, तर लीस आणि एडवर्ड्स यांची १९७२ ची सरकती आवर्ती सीमा आहे. तिच्यात भिंतीलगत अणूंचे थर लागण्याची भानगडच नाही.

धंतोलीकर

केवळ द्रवाची श्यानता हवी असेल, तर आपले म्हणणे योग्य आहे आणि तिथे भिंत आणूच नये. पण विद्यार्थ्याचा प्रश्न घसरणीचा होता. घसरण पृष्ठभागावर होते, आणि लीस-एडवर्ड्स सीमेत पृष्ठभागच नसतो.

रेणुवेध

संशोधक ताईंच्या आकड्यांनंतर माझी भूमिका थोडी अधिक काटेकोर मांडतो. ८ अंशांची वाढ थांबवण्यासाठी बहुतेक जण काय करतात? संपूर्ण पाण्याला नोझे-हूव्हर नावाचा थर्मोस्टॅट लावतात. तो कणाच्या एकूण वेगावरून तापमान काढतो, त्यामुळे भिंतीने निर्माण केलेला प्रवाहही त्याला उष्णताच वाटते आणि तो प्रवाहालाच लगाम घालतो. मग भिंत ढकलते, थर्मोस्टॅट अडवतो, आणि जी श्यानता छापली जाते ती या दोघांच्या भांडणाची असते. या जागी अणूंच्या भिंतीचा उपयोग मी मान्य करतो, कारण थर्मोस्टॅट केवळ भिंतीला लावून पाण्याला स्वतःच्या नियमाने उष्णता बाहेर सोडू देता येते.

मात्र यातून हे सिद्ध होत नाही की लंब आंदोलनात सपाट भिंत त्याज्य आहे. तिथे आयाम ०.०५ नॅनोमीटर ठेवला, तर आकारमानातला बदल अर्धा टक्का आणि दाबातला बदल ११ मेगापास्कल राहतो, तापणे नगण्य होते, आणि थर्मोस्टॅटशिवाय ऊर्जा वजा कार्य ही राशी सरळ तपासता येते.

धंतोलीकर

आडव्या हालचालीला अणूंची भिंत आणि थर्मोस्टॅट भिंतीलाच, इथपर्यंत आपले जमले. लंब हालचालीबाबत मी अजून माघार घेत नाही. ०.०५ नॅनोमीटरचा आयाम हा अणूच्या व्यासापेक्षाही लहान आहे. इतक्या लहान हालचालीत खऱ्या भिंतीचे अणू स्वतः किती दबतात, हा प्रश्न टाळता येत नाही, आणि सपाट भिंत तो विचारूच देत नाही. तेच पाणी, तोच आयाम आणि तीच वारंवारता घेऊन एकदा सपाट आणि एकदा स्प्रिंगने बांधलेली भिंत चालवावी, दोन्हीकडे दाबाचा आयाम आणि कलांतर (भिंतीच्या मागे दाब किती रेंगाळतो ते) मोजावे, आणि स्प्रिंगची ताठरता दुप्पट करून पुन्हा पाहावे. ताठरतेने कलांतर बदलले नाही, तर आपले म्हणणे मी मानेन.

बजाजनगर

अणूंची भिंत मी चालवतो, पण रात्री दहानंतर. सपाट भिंतीचा रन रेणुवेध यांनी करावा.