टाचेमागची शीर धरली आहे : पळणं आणि स्की, दोन्ही सुटणार का?

अजिंक्यतारा (६ सप्टेंबर)

नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा, वय ४४, गेली सहा वर्षं ओस्लोत आहे. पळण्याची सवय गावाकडची. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि उतरून घरी पोहे खायला यायचं, हा आमचा रविवार असायचा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन तीनदा पूर्ण केली. इथं बर्फाचे चार-पाच महिने घरात बसवेना, म्हणून लांगरेन शिकलो, म्हणजे लांब पल्ल्याचं स्कीइंग. आता दोन्हींचा सारखाच जीव लागलाय.

गेल्या हिवाळ्यात भरपूर स्की केली. एक नंबरच्या मेट्रोनं स्की खांद्यावर टाकून फ्रोगनेरसेतेरेनला जायचं आणि नूरमार्काच्या जंगलात दोन-तीन तास. दम इतका वाढला होता की एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर मी सरळ आठवड्याला ५० किलोमीटर पळायला लागलो. सोंग्सवान तळ्याची एक फेरी सव्वातीन किलोमीटरची. तीन-तीन फेऱ्या मारून श्वास चढत नव्हता.

मेच्या मध्यावर सकाळी पलंगावरून उतरताना डाव्या टाचेमागं ताठर वाटायला लागलं. दहा-बारा पावलं लंगडलं की मोकळं. पळताना पहिला किलोमीटर दुखायचं, मग जाणवायचं नाही, म्हणून पळत राहिलो. जुलैत होल्मेनकोलेनच्या चढावर इतकी कळ आली की बसून घ्यावं लागलं. त्यानंतर सात आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. बर्फ लावला, मलम चोळलं, आईनं फोनवर सांगितलेला हळद-तुरटीचा लेपही केला. गेल्या रविवारी फक्त तीन किलोमीटर पळालो, आणि सोमवारी जिना उतरता येईना.

मार्चमध्ये बिर्केबायनर या स्की शर्यतीला उतरायचं ठरवलं होतं. रेना ते लिलेहामर, ५४ किलोमीटर, पाठीवर साडेतीन किलोची पिशवी. १२०६ साली दोन योद्ध्यांनी लहानग्या राजपुत्राला बर्फातून डोंगरापलीकडं नेलं, त्या बाळाचं वजन म्हणून ती पिशवी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मनात धरलं होतं की एकदा तरी हे करायचं. आता विश्रांती अजून किती घ्यायची तेच कळत नाही. स्कीमध्ये आदळआपट नसते, तर निदान ती तरी चालेल का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

---

तलावपाळी (६ सप्टेंबर)

एक गोष्ट विचारतो, कारण मला ती कुणी विचारली नव्हती. मेच्या आधी एखाद्या अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता का? मला छातीच्या संसर्गासाठी लिव्होफ्लॉक्सासिन दिलं होतं आणि आठवड्याभरात दोन्ही टाचांमागच्या शिरा दुखायला लागल्या. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या औषधांचा टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या या शिरांवर, परिणाम होऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २००८ मध्येच त्यावर ठळक इशारा छापायला लावला आहे. कोर्स चालू असेल तर मनानं बंद करू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

मी गुलमर्गला उतारावरची स्की करतो, तिथला बूट वेगळा असतो, त्यामुळे लांगरेनबद्दल मला बोलता येणार नाही.

---

गोदाकाठ (७ सप्टेंबर)

अजिंक्यतारा, तुमचं लिहिलेलं वाचताना माझंच चार वर्षांपूर्वीचं दुखणं वाचते आहे असं वाटलं. मी नाशिकची, वय ५२, उत्तर स्वीडनमध्ये उमेओला राहते. पळते, स्की करते, आणि उजव्या टाचेनं माझं दीड वर्ष खाल्लं. त्यातले पहिले आठ महिने निव्वळ वाया गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा घोटाळा एप्रिलमध्ये झाला, मेमध्ये नाही. हिवाळाभर स्की करून हृदय आणि फुप्फुसं घोड्यासारखी होतात, पण पळताना प्रत्येक पावलाला टाचेमागची शीर जो झटका झेलते तो पाच महिने तिला ठाऊकच नसतो. दम सांगतो पळ, आणि शीर अजून नोव्हेंबरातच उभी असते. इथे दर वसंतात ओळखीतलं कुणी ना कुणी असंच लंगडताना दिसतं. त्यात तुम्ही चढ पळालात. चढावर टाच खाली टेकत नाही, सगळा भार पोटरी आणि ही शीरच उचलते.

दुसरं, विश्रांतीबद्दल. मीही तीन महिने काहीच केलं नाही. दुखणं गेलं, आणि पहिल्याच धावेत होतं तसं परत आलं. कारण विश्रांतीत दुखणं झोपतं, शीर मात्र आणखी अशक्त होते. तिला बळ येतं ते भारानं. ही गोष्ट माझ्या गावातच शिकायला मिळावी याचं मला अजून अप्रूप वाटतं. इथल्या विद्यापीठातले हाकन अल्फ्रेडसन हे हाडांचे डॉक्टर स्वतः पळणारे. नव्वदच्या दशकात त्यांची टाच दुखत होती आणि त्यांना शस्त्रक्रिया हवी होती, पण वरिष्ठांनी एवढी रजा देता येणार नाही म्हणून नकार दिला. तेव्हा शीर एकदाची पुरती बिघडली की शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा विचारानं त्यांनी पायरीवर उभं राहून तिच्यावर जोरात भार टाकायला सुरुवात केली. ती बिघडायच्या ऐवजी बरी झाली! मग १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी धावपटूंवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. १५ वेळा, असे ३ फेरे, गुडघा सरळ ठेवून. तेवढेच परत गुडघा वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. हिशेब केलात तर दिवसाला १८० होतात. पंधराच्या पंधरा जण पुन्हा पळायला लागले.

मला नोकरी सांभाळून १८० जमेनात. माझ्या फिजिओथेरपिस्टनं मग दुसरी रीत दिली : आठवड्यातून तीनच दिवस, पण जड वजन घेऊन आणि अगदी संथ. तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली. डेन्मार्कमध्ये २०१५ साली दोन्ही रीती शेजारी ठेवून पाहिल्या, फायदा सारखाच निघाला. मी पाठपिशवीत बासमतीच्या पाच किलोच्या दोन पिशव्या भरून जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहायचे. महिन्यानं तिसरी पिशवी, मग चौथी. भिंतीला एक हात टेकलेला. गुडघा वाकवून करायचा प्रकार अजिबात सोडू नका. त्यात पोटरीचा आतला स्नायू, सोलियस, काम करतो, आणि पळताना सगळ्यात जास्त भार त्याच्यावर असतो.

व्यायाम करताना दुखेल. मला आधी त्याचीच भीती वाटायची. दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालतं, मात्र दुसऱ्या सकाळी ते नेहमीच्या पातळीवर उतरलं पाहिजे, आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. हा नियम इथल्याच, स्वीडनमधल्या योटेबोरीच्या संशोधकांचा. त्यांनी तर व्यायामासोबत पळणं चालू ठेवणाऱ्यांची आणि सहा आठवडे थांबलेल्यांची तुलना करून दाखवलं की हा नियम पाळला तर पळणाऱ्यांचं नुकसान होत नाही.

म्हणून माझा सगळा कारभार सकाळच्या पहिल्या दहा पावलांवर चालायचा. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जायचं आणि तिथल्या कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात शून्य ते दहामधला आकडा लिहायचा. एकादशी, त्याखाली ४. कालच्यापेक्षा आकडा वाढला तर आज पळणं नाही. पळताना काय वाटलं त्यावर विसंबून राहू नका, ही शीर गरम झाली की गप्प बसते. तुम्हाला एक किलोमीटरनंतर बरं वाटत होतं ते याचमुळे.

आता स्की. आदळआपट नाही हे खरं, पण क्लासिक प्रकारात, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून सरकत जातो त्यात, किक मारताना सगळं वजन एका पायावर येतं, घोटा पुरता वाकतो आणि तिथून पोटरी एकदम ढकलते. स्कीखाली पकडीसाठी लावलेलं मेण नीट धरत नसेल, स्की मागे घसरत असेल, तर आणखीच ताण. चढावर माशाच्या काट्यासारखे पाय फाकवून चढतो ते तर थेट शिरेवरच. शिवाय लांगरेनचा बूट जवळजवळ सपाट असतो. पळायच्या बुटात टाच दहा-बारा मिलिमीटर उचललेली असते, ती सोय इथे नाही. स्केटिंगमध्ये ढकल बाजूला, मांडी आणि नितंबातून येते, म्हणून मला ते आधी जमलं. त्याच्याही आधी सपाटीवर नुसत्या काठ्यांनी ढकलत जाणं. क्लासिक मी सगळ्यात शेवटी परत सुरू केलं.

तुमची बिर्केबायनर क्लासिकची आहे. वाईट वाटेल, पण सांगते : या मार्चचा हट्ट सोडा.

---

फिजिओ_कोल्हापूर (७ सप्टेंबर)

गोदाकाठ ताईंनी उत्तम लिहिलं आहे. पण पायरीवर चढण्याआधी एक गोष्ट ठरली पाहिजे, कारण इथे बरेच जण चुकतात. नेमकं कुठे दुखतं? दोन बोटांच्या चिमटीत शीर धरून खालून वर दाबत जा. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर दुखत असेल, तिथे जाडसर गाठ लागत असेल, तर वरचं सगळं तुम्हाला लागू. मात्र शीर हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल, तर टाच पायरीच्या खाली सोडू नका. त्या स्थितीत शीर हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं. मग व्यायाम जमिनीवर, टाच जमिनीपर्यंतच. भिंतीला हात लावून पोटरी ताणणंही अशा वेळी बंद.

शिरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. थोडे दिवस बरं वाटतं, पण शीर तुटण्याचा धोका असतो. आणि कधी मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, कट् असा आवाज आला, तर पालथं झोपून कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. दाबल्यावर पाऊल हललं नाही तर शीर तुटली असं समजून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तुटलेल्या शिरेवर चालता येतं, म्हणून लोक घरी बसून राहतात.

मधुमेह आणि कोलेस्टेरॉल तपासलं आहे का? चाळिशीनंतर तेही बघून घ्यावं.

---

अजिंक्यतारा (८ सप्टेंबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. दाबून पाहिलं. हाडापासून चारेक सेंटिमीटर वर दुखतंय, आणि उजव्या पायाशी ताडून पाहिलं तर जाडीत फरक स्पष्ट कळतो. अँटिबायोटिक घेतलं नव्हतं. साखर ठीक आहे, कोलेस्टेरॉल या आठवड्यात तपासतो.

ताई, एप्रिलचं तुम्ही बरोबर ओळखलंत. मी तेव्हा बूटही बदलले होते, टाच अजिबात न उचललेले. त्याकडं आजवर लक्षच गेलं नव्हतं.

एका पायावर उभं राहून टाच उचलून पाहिली. उजव्यावर २७ झाले, डाव्यावर ९ ला पाय थरथरायला लागला. विश्रांतीनं नेमकं काय केलं ते तिथंच दिसलं. बिर्केबायनरचं मनाला लागलं आहे, बायकोला अजून सांगितलेलं नाही. पण उद्यापासून पायरी सुरू.

---

अजिंक्यतारा (१३ डिसेंबर)

धागा वर काढतो, कारण पुढचं सांगायचं राहिलं होतं. आज चौदा आठवडे झाले. वजन २२ किलोपर्यंत आलं आहे. तांदूळ पुरेना, त्यामुळं वरून पाण्याच्या बाटल्या. डाव्यावर आता २४ होतात. सकाळचा आकडा बहुतेक दिवस १, कधी ०. पाचव्या आठवड्यात मात्र तीन दिवस ६ होता. ऑफिसातल्यांबरोबर अर्धा तास फुटबॉल खेळलो होतो. तेव्हा पुन्हा खचलो, पण व्यायाम सोडला नाही, वजन पाच किलोनं उतरवलं आणि आठवड्यात आकडा खाली आला.

पळणं नवव्या आठवड्यात सुरू केलं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा, दर तिसऱ्या दिवशी. आता सलग २५ मिनिटं, तेही सपाटीवर, जुन्या बुटांत. बिर्केबायनर या वर्षी नाही. वाटेत पाणी द्यायला स्वयंसेवक म्हणून जायचा विचार आहे.

परवा बर्फ चांगला पडला. शनिवारी स्केटिंगच्या स्की घेऊन वर गेलो, सपाट भागात चाळीस मिनिटं. झाडांवर बर्फ, साडेतीनलाच अंधार आणि वाटेवरचे दिवे लागलेले. रविवारी सकाळी पलंगावरून उतरलो. आकडा १.

ताई, एक विचारायचं होतं. क्लासिकच्या बुटात टाचेखाली पाचर घातली तर चालेल का? तुम्ही घातली होती का, आणि केवढी?

---

गोदाकाठ (१३ डिसेंबर)

किती आनंद झाला म्हणून सांगू! हो, घातली होती, ८ मिलिमीटरची. दोन्ही बुटांत घाला, एकातच घातली तर कंबर बोलते. बूट वर सैल होऊन टाच घासत नाही ना ते घरातच दहा मिनिटं चालून पाहा. मी सहा आठवड्यांनी अर्ध्या जाडीची केली आणि मोसम संपायच्या आत काढून टाकली. पण जानेवारीच्या मध्यापर्यंत क्लासिक नको, आणि काटा चढ तर नकोच. चढ आला की स्की काढून चालत जा.

एप्रिलमध्ये बर्फ गेला की पळायच्या आधी इथे येऊन लिहा.