कॉर्निया पातळ असताना लॅसिक करावे की पीआरके?

मृगजळ :
नमस्कार. माझे वय चोवीस असून उजव्या डोळ्याचा नंबर -५.५० आणि डाव्याचा -६.०० आहे, गेली दोन वर्षे त्यात बदल झालेला नाही. चष्मा घालवण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करावी या विचाराने मी दोन नेत्रतज्ज्ञांकडे तपासणी करून घेतली. पहिल्यांनी लॅसिक करता येईल असे सांगितले. दुसऱ्यांनी मात्र कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी ५०५ मायक्रॉनच आहे आणि टोपोग्राफीच्या, म्हणजे कॉर्नियाचा आकार दाखवणाऱ्या, नकाशात डाव्या कॉर्नियाचा खालचा भाग वरच्यापेक्षा थोडा अधिक वक्र दिसतो, असे कारण देऊन लॅसिकला नकार दिला आणि फार तर पीआरकेचा विचार पुन्हा तपासून करू, असे सुचवले. एकाच डोळ्यांबद्दल दोन मते कशी होऊ शकतात, आणि दोघांपैकी एक चूक आहे असे समजावे का?

लोलक :
मी नेत्रतपासणीचे काम करते, शस्त्रक्रिया करत नाही. एवढे आधी सांगून ठेवते. दोघांपैकी कोणीही चूक असेलच असे नाही, कारण पहिल्यांनी बहुधा आकडे पाहिले आणि दुसऱ्यांनी आकड्यांबरोबर नकाशाही पाहिला.

आधी आकडे पाहू. उणे नंबर घालवण्यासाठी एक्सायमर लेसर कॉर्नियाचा मधला भाग चपटा करतो, म्हणजेच तिथली जाडी कमी करतो. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या भागावर उपचार करायचे ठरवले, तर एका डायॉप्टरमागे, म्हणजे एक नंबरामागे, साधारण १४ मायक्रॉन जातात; तुमच्या डाव्या डोळ्यासाठी ते ८४ च्या आसपास होतात. लॅसिकमध्ये त्याआधी सुमारे ११० मायक्रॉनचा फ्लॅप, म्हणजे वरचा पातळ पापुद्रा, उचलला जातो. तो परत जागेवर बसत असला, तरी कॉर्नियाच्या मजबुतीत त्याची पूर्वीसारखी भर पडत नाही, त्यामुळे तो हिशेबातून वजाच धरावा लागतो. ५०५ मधून हे दोन्ही वजा जाता ३११ उरतात. किमान २५० मायक्रॉन उरले पाहिजेत असा जुना दंडक आहे आणि बरेच शल्यचिकित्सक आता ३०० चा आग्रह धरतात. त्या दृष्टीने तुम्ही मर्यादेत बसता, पण अगदी काठावर. पीआरकेमध्ये फ्लॅप नसतो. फक्त वरची सुमारे ५० मायक्रॉनची त्वचा काढतात, तीही काही दिवसांत पुन्हा येते, म्हणून खालचा भाग बराच जास्त शाबूत राहतो.

पण खरा प्रश्न नकाशाचा आहे. खालचा भाग अधिक वक्र दिसणे हे केराटोकोनसचे, म्हणजे कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या विकाराचे, आरंभीचे लक्षण असू शकते. तसे असेल तर लेसरने कॉर्निया आणखी पातळ करणे धोक्याचे ठरते, आणि मग ‘लॅसिक नको तर पीआरके’ हा सरधोपट पर्यायही उरत नाही. तसे नसेल, तर हा वक्रपणा कॉन्टॅक्ट लेन्सच्या दाबामुळेही आलेला असू शकतो. तुम्ही लेन्स वापरता का, आणि त्या तपासणीपूर्वी किती दिवस बंद होत्या?

मृगजळ :
सॉफ्ट लेन्स रोज वापरते. दुसऱ्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी त्या काढल्या होत्या. स्माइल ही पद्धतही ऐकली आहे. तीत फ्लॅप नसतो, मग ती का नको?

लोलक :
मग तो नकाशा अंतिम मानू नका. सॉफ्ट लेन्स एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून बऱ्याच जास्त काळ बंद ठेवून टोपोग्राफी करतात, कारण लेन्सच्या दाबाने बदललेला आकार पूर्ववत व्हायला वेळ लागतो. दोन आठवडे चष्म्यावर राहून नकाशा पुन्हा काढा. शंका राहिली तर आणखी काही दिवसांनी परत काढून दोन्ही जुळतात का ते पाहता येते. कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागाचाही नकाशा काढणारे यंत्र असेल तर उत्तम, कारण केराटोकोनसची चाहूल कित्येकदा तिथे आधी लागते. घरात कोणाला हा विकार असल्यास तेही सांगा, आणि डोळे चोळण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

स्माइलमध्ये दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून आतली पातळ चकती बाहेर काढतात. छेद लहान असतो हे खरे, पण ऊती तेवढी जातेच. नकाशा संशयास्पद असेल तर आक्षेप तोच राहतो.

निशाचर :
माझा नंबर तुमच्याहून कमी होता आणि कॉर्निया पातळ म्हणून मी पीआरके करून घेतले. त्याचे वर्णन ‘थोडी जळजळ’ असे केले जाते, ते मला मान्य नाही. पहिले काही दिवस डोळे उघडवत नव्हते, पाणी वाहत होते आणि खिडकीतला उजेडही सहन होत नव्हता. त्वचा भरून येईपर्यंत बँडेज लेन्स डोळ्यात असते. ती काढल्यानंतरही नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे गेले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी कामावर जाण्याचा बेत लॅसिकवाल्यांनीच करावा. कॉर्नियावर धूसरपणा येऊ नये म्हणून स्टिरॉइडचे थेंब बरेच दिवस घालावे लागतात; त्यांनी डोळ्यातील दाब वाढू शकतो, त्यामुळे तपासणीच्या तारखा चुकवू नयेत. रात्री दिव्यांभोवती वलये मला आजही दिसतात, पण गाडी चालवण्यात अडचण येत नाही. पुन्हा संधी मिळाली तरी मी हीच शस्त्रक्रिया निवडेन.

जुना_वाचक :
इथे न आलेले दोन मुद्दे. लेसरने चष्म्याचा नंबर जातो, पण मायोपियात, म्हणजे उणे नंबरच्या दोषात, लांबलेला नेत्रगोल तसाच राहतो. म्हणून रेटिना (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) फाटण्याचा किंवा सुटण्याचा वाढीव धोकाही तसाच राहतो. थेंब घालून बाहुली मोठी करून केलेली रेटिनाची तपासणी शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही हवी. दुसरा मुद्दा कागदांचा. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, जाडी आणि कॉर्नियाची वक्रता यांची नोंद कायम जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी कृत्रिम भिंगाची शक्ती काढताना ती उपयोगी पडते, आणि कॉर्निया पातळ झाल्यामुळे डोळ्यातील दाब मोजताना खऱ्यापेक्षा कमी येतो, हे नव्या डॉक्टरांना सांगावे लागते. चाळिशीनंतर वाचण्यासाठी चष्मा लागेलच. आज चष्मा काढून जवळचे बारीक अक्षर वाचता येते, ती सोय मात्र जाईल.

मृगजळ :
लेन्स आजपासून बंद केल्या आहेत. नकाशा पुन्हाही तसाच आला तर काहीच मार्ग उरत नाही का?

लोलक :
उरतो. डोळ्यातील नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवायची आयसीएल नावाची भिंगे असतात. त्यांत कॉर्निया पातळ करावा लागत नाही आणि गरज पडल्यास भिंग काढताही येते. मात्र ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे. पुढच्या कप्प्याची खोली पुरेशी आहे का, हे मोजल्याशिवाय त्याबद्दल काहीच सांगता येत नाही. शिवाय नकाशा खरोखरच केराटोकोनसचा निघाला, तर आधी विकार वाढतो आहे का ते पाहावे लागेल आणि चष्म्याचा विषय त्यानंतर येईल. नवा नकाशा आला की दोन्ही डोळ्यांचे आकडे इथे लिहा.