मदत हवी आहे: ओव्यांच्या साउंड पीसमध्ये खोलीचा घुमारा सगळं गिळतोय

आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची जुनी कॅसेट डिजिटाइझ करून एक साउंड पीस करतेय, तीन आवाज आहेत, आजीचा, माझा आणि भाचीचा, तिने २०७५ सालचं गाव कल्पून स्वतः ओव्या रचल्यात (फार सुंदर रचल्यात!). अमेरिकन संगीतकार आल्विन ल्युसिएने १९६९ मध्ये वापरलेली पद्धत घेतलीये, म्हणजे रेकॉर्डिंग खोलीत वाजवायचं, ते परत रेकॉर्ड करायचं, मग तेच परत वाजवायचं, असं करत शब्द विरघळून खोलीचाच सूर उरतो.

पण मला शब्द हळूहळू जायला हवेत आणि इथे थोड्याच फेऱ्यांत १०० हर्ट्झच्या आसपासची एकच घूं उरते. खोली १० बाय १२, स्लॅबची. ८० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावला, माइक कोपऱ्यातून काढला, गोधड्या टांगल्या, थोडाच फरक पडला. नॉइज रिडक्शन नको, जात्याची घरघर जाते. एक कंडेन्सर माइक, दोन छोटे मॉनिटर स्पीकर आणि रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) एवढंच आहे, नवीन काही घेणं शक्य नाही.

तर दर फेरीला त्या फ्रिक्वेन्सीवर हलका नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी दाबणारा फिल्टर) लावू, की प्रत्येक फेरीत माइक-स्पीकरच्या जागाच बदलू? आणि नॉच लावला तर किती डीबी, म्हणजे खोलीचा स्वभाव पुसला जाणार नाही?